अर्ध्या पातीवरून उठली

आमच्या दीपमालाले कोनी आंगचोर म्हनलं की मी त्याले तिथीच अडवतो. म्हनतो, बाप्पा, तू तिले ताप याच्या आंधी पाह्यलं होतं का? नसन पाह्यलं तर तोंडाले कुलूप लाव. पाह्यलं असन आन तरी म्हनत असशीन, तर मंग तुह्या डोळ्याचं काई तरी कर, अमरावतीले लय दवाखाने हायेत.

मी चंद्रभान. चांदूर बाजारच्या बाजूले आमचं वावर हाये. काळी जमीन, एक इहीर, आन बापापासून चालत आलेला भाजीपाल्याचा धंदा. वांगं, पालक, मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, दसऱ्याले झेंडू. दीपमाला माही सून, योगेशची बायको. लोकं म्हनतात, सून लेकीसारखी. मी तसं काई म्हनत नाई. सून ते सूनच हाये, आन सून म्हूनच तिच्यावर माहा जीव हाये.

तिचं माहेर रिद्धपूरकडचं, बाप फुलवाला. लग्न होऊन आली त्याच साली तिनं बाजारात एका अडत्याचं पानी उतरवलं. त्यानं पालकाच्या जुडीत बोट खुपसलं आन म्हने, माल बासा हाये, कालचा. ही म्हने, "भाऊ, आज सकाळी तोडलेल्याले तुमच्या घरी बासा म्हनतात का? मंग तुमच्या घरची पोळी कोन खात असन?" सारा बाजार हासला. हिनं कॅरेट उचललं, डोक्यावर ठेवलं आन फाटकापाशी बसून सारा पालक हातोहात इकला. मी बाजूले उभा. मले मदत करा म्हून सुद्धा म्हनली नाई.

वावरात तर इचारूच नोका. आमच्याकडं तन निंदाले बसलं की दरेक बाईची आपली एक पात असते. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांध ते बांध, तेवढी पट्टी तिची, तिनंच निंदून काढाची. जिची पात मांगं राह्यली तिले बाकीच्या बाया चिडवतात, मंग हासत हासत तिच्या पातीत शिरतात. पन पात अर्धी टाकून कोनी उठत नाई. घरी मयत झाली तरच उठाव, असा रिवाज. दीपमाला सारखी दुसरीच्या पातीत दिसे. सोताची कवाच संपलेली राहे.

मंग तो ताप आला. त्या साली पावसाळ्यात गावात घरोघरी खाटा पडल्या होत्या. कोनी डेंगू म्हने, कोनी चिकनगुन्या. हाडं मोडून टाकनारा ताप. माह्या बायकोले आला, योगेशले आला, दोघं बी महिन्यात उठून कामाले लागले. दीपमालाचा ताप बी गेला. पन ताप गेला तरी ती उठली नाई.

म्हंजे उठे, पन कशी? सकाळी उठली की वाटे हिनं रातभर दगड फोडले. निजून उठलेल्या मानसाचं तोंडच नाई ते. मेथीच्या चार जुड्या बांधल्या की हात खाली पडत. उजेड सहन होये ना, भांडं आपटलं तर दोन्ही कानावर हात. एक दिवस चुलीपाशी भाकर उलथाचा सराटा हातात धरून उभी. मी इचारलं, काय झालं? म्हने, "मामाजी, हा कायले उचलला तेच आठवून राहिली." बाजारात अडत्याची बोलती बंद करनारी बाई, आन तिले तोंडात आलेला शब्द सापडत नाई. मले भेव वाटलं, खरं सांगतो.

योगेशनं तिले अमरावतीले नेलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सारं झालं. रिपोर्ट नॉर्मल. आता नॉर्मल रिपोर्ट म्हंजे आनंदाची गोष्ट, हो का नाई? पन आमच्या घरात त्याचा अर्थ निंगाला, बाई खोटी. तो डॉक्टर जाताजाता म्हने, प्रतिकारशक्तीचा प्रश्न असेल, टेन्शन घेऊ नका. झालं! आमच्या लोकायनं त्यातला प्रतिकार सोडला आन शक्ती तेवढी धरली. शक्ती कमी हाये, शक्ती वाढवा. बायको माही पार्बताबाई, तिनं डिंकाचे लाडू वळले. शेजारनीनं गुळवेल आनला. आन अकोल्याच्या जुन्या शहरातून माहे साळे वामनराव आले, टॉनिकच्या बाटल्यायची पिशवी घेऊन.

वामनरावाचं एक हाये. ज्या गोष्टीतलं त्यायले काई समजत नाई, त्या गोष्टीवर ते लय येळ बोलतात. म्हने, "ताप आंगात मुरला हाये. घाम गाळू द्या, आंग मोकळं होइन. निजून निजून आंगाले गंज चढते." मी म्हनलं, तुमी तर सालभर खुर्चीवरच बसून राह्यता, तुमाले काहून नाई चढला? बायको माह्यावर डोळे वटारून राहिली.

त्यातच महालक्ष्म्या आल्या. घरच्या महालक्ष्म्या म्हंजे सोळा भाज्या, आंबील, पुरन, पंगती. दीपमालानं दात खाऊन सारं केलं. लाडू खाऊन, काढा पिऊन, दोन दिवस उभ्यानं. साऱ्यायनं पोटभर जेवून सर्टिफिकेट देल्लं, पाहा, मनात आनलं की होते! दुसऱ्या दिवशी ठीक होती. तिसऱ्या दिवशी जी पडली ती दिवाळीपर्यंत पडूनच. आपल्या पोट्टीची, प्रनालीची, येनी घालाले हात वर उचलत नोव्हता. पोट्टी खाटेपाशी खाली बसे, म्हंजे मायचा हात पुरला पाह्यजे. ते पाहून मी योगेशले म्हनलं, तू येतं का नाई ते मले माहीत नाई, मी हिले अकोल्याले घेऊन चाललो.

योगेश आला नाई. पोट्टा वाईट नाई, पन कानाचा हलका. माय एका कानात बोलते, मामा दुसऱ्या कानात, अन् मधात बायकोसाठी जागा उरत नाई.

अकोल्याच्या डॉक्टरीन बाई नीलम मॅडम. त्यायनं पहिले आयकून घेतलं. मंग एकच गोष्ट इचारली, "काम केल्यावर त्रास लगेच होतो, की एक-दोन दिवसांनी जास्त होतो?" दीपमालाच्या डोळ्याले धारा लागल्या. म्हने, "मॅडम, हे मले आजपर्यंत कोनी इचारलंच नाई." मले वाटलं, आता खरी डॉक्टर भेटली.

मॅडमनं नाव सांगतलं, क्रॉनिक फटिग सिंड्रोम. म्हने, असा मोठा ताप येऊन गेल्यावर काई जनाले होते. याची एक अशी तपासनी नाई, रिपोर्ट चांगलेच येतात, म्हून लोकं ढोंग समजतात. मी इचारलं, "मॅडम, मंग हिच्यात शक्ती कमी हाये का?"

त्या म्हनल्या, "काका, प्रतिकारशक्ती म्हणजे अंगातली ताकद नव्हे. तो शरीराचा पहारा आहे. बाहेरचे विषाणू-जंतू आले की तो लढतो, आणि लढताना आपल्याला थकवा येतो, अंग दुखतं, झोपून राहावंसं वाटतं. ते बरोबरच आहे. ताप गेला की पहाऱ्यानं शांत व्हायला हवं. काही शास्त्रज्ञांना असं वाटतं की या आजारात तो शांत होतच नाही, किंवा त्याचं काम बिघडून बसतं."

मले खटकन उमगलं. मी म्हनलं, "म्हंजे जागलीवानी!" मॅडमले समजलं नाई. मंग मी सांगतलं. आमच्याकडं रानडुकरं वावरात शिरतात, म्हून रातच्याले जागलीले मानूस बसवतात. डुकरं आले की तो डबडं बडवते, आरोळ्या मारते. आता समजा, डुकरं निंगून गेले, तरी हा आपला डबडं बडवूनच राहिला. रोज, रातभर. तर मंग गावात कोनाले झोप लागन का? दिवसा कोनी काम करू शकन का?

मॅडम हासल्या. म्हने, "छान सांगितलंत. पण काका, हे असू शकतं, एवढंच मी म्हणेन. संशोधन चालू आहे, कारणं आणखीही असतील. पक्कं कोणालाच माहीत नाही, आणि पक्कं औषधही नाही." मले त्या बाईचं हेच पटलं. मले माहीत नाई, असं म्हननारा डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा पाह्यला. आन मंग त्यायनं तिले नेम सांगतला. थकल्यावर थांबाचं नाई. थकाच्या आंधी थांबाचं. रेटून काम केलं की आजार वाढते. शक्ती वाढवाच्या बाटल्या बंद.

आता कास्तकाराच्या घरात सांगा बरं, थकाच्या आंधी थांबा! आमच्यात मानूस थकल्यावर बी थांबला तरी आळशी. दीपमाला तव्यावर भाकर टाके, ती शेकून झाली की दुसरी थापाच्या आंधी जाऊन निजे. मळलेलं पीठ तसंच परातीत. पार्बताबाई फनफनत उरलेल्या थापे. मी म्हनलं, मॅडमनं सांगतलं हाये. बायको म्हने, "मॅडमचं काय जाते? भाकरी माह्या हातात हायेत."

असंच चाललं होतं. मंग पुढच्या पावसाळ्यात एक दिवस निंदनाले बाया कमी पडल्या. पावसानं उघाड देल्ला होता, तन कमरेले लागून राह्यलं होतं. दीपमाला सोताच म्हने, आज बरं वाटते, मी थोडा येळ येते. तिनं पात धरली. बायायले आनंद झाला. हळूहळू निंदत होती, बोलत होती, एखाद दुसरीची थट्टा बी केली. आन अर्ध्यात आल्यावर तिनं इळा खाली ठेवला, उभी राह्यली, म्हने, "बस, माह्यं झालं." आन धुऱ्यावरून घराकडं चालू लागली.

 पदर तोंडावर धरून साऱ्या तिच्या पाठीकडं पाहून राहिल्या. दमली नोव्हती, धापा टाकत नोव्हती, चांगली चालत गेली. ती मॅडमच्या सांगन्यावरून येळेवर थांबली, हे मले समजलं. बाकीच्यायले दिसलं ते एवढंच, की धडधाकट बाई हासतबोलत अर्ध्या पातीवरून उठली. सांजपर्यंत सारं गाव म्हनून राहिलं, चंद्रभानची सून आंगचोर.

पार्बताबाईनं भावाले फोन लावला. वामनराव आले आन बैठक ठरली. दीपमालाचा भाऊ मनोज, त्याले गाडी घेऊन बोलावलं. ठरलं काय, तर तिले माहेरी पाठवाची. बरी झाली की आनू. पोट्टीची शाळा इथी हाये म्हून पोट्टी इथीच राहीन. बरी झाली की आनू म्हंजे काय ते आमच्याकडं लहान लेकराले बी समजते. पहिली जाते ते जातेच, आन वर्षा-दीड वर्षात दुसरी येते.  योगेश मान खाली घालून बसला.

मी बायकोले म्हनलं, "तिले पाठवशीन तर मी बी तिच्यासंगं जातो. तू राह्य भावासंगं, तो तुले बाटल्या पुरवन." ती म्हने, म्हाताऱ्याले भ्रम झाला. मी बैठकीत काय काय बोलाचं ते ठरवून ठेवलं, त्यातलं निम्मं तर इथी सांगता बी येत नाई. पन दीपमालानंच मले बोलावलं.

"मामाजी, तुमी नोका बोलू. तुमी बोलले की म्हनतीन सासऱ्यानं झाकून घेतलं. मी बोलते."

"तुह्यानं होइन का व?"

"एक डाव होइन. तोपर्यंत मी काईच करत नाई. भाकर नाई, प्रनालीची येनी नाई, कोनासंगं बोलनं बी नाई. सारं त्या बैठकीसाठी ठेवते."

आन तिनं खरंच तसं केलं. बैठकीपर्यंत खाटेवरून हालली नाई. पार्बताबाई साऱ्या गल्लीले दाखवे, पाहा व माय, जायच्या आंधी सुद्धा लाज नाई. प्रनालीची येनी मी घातली. कशी घातली ते पोट्टीच्या मास्तरनीले इचारा.

बैठक दुपारची. समोरच्या खोलीत वामनराव खुर्चीवर, योगेश आन मनोज सतरंजीवर, दारात पार्बताबाई आन शेजारच्या दोघी. मी भिताडाले टेकून. दीपमाला आली ते डोक्यावर पदर घेऊन, खाकेत गोधडी. मले वाटलं बांधाबांध केली का काय! तिनं गोधडी खोलीच्या मधोमध अंथरली, पदर सारखा केला आन साऱ्यायसमोर आडवी झाली.

अरे बाप्पा! मोठ्या मानसापुढं सून खाटेवर सुद्धा बसत नाई आमच्यात. वामनराव खुर्चीतून अर्धे उठले. "हे काय चालवलं? लाज इकून खाल्ली का?"

"वामनमामाजी," ती म्हने, आवाज बारीक पन साफ, "बसली तर मले आंग सांभाळन्यातच दम लागन. मले तो दम बोलाले पाह्यजे. मी निजून बोलते, तुमी बसून आयका. ज्याले पाहावत नसन त्यानं तोंड तिकडं करावं."

मनोजनं मान वर केली. मी मनात म्हनलं, वा रे वाघीन!

"मले आंगचोर म्हनता. चोर तो, ज्याच्यापाशी माल असते आन तो लपवते. माह्यापाशी माल हाये काय, घ्या झडती. माह्यं तर आंगच चोरीले गेलं, आन तुमी मलेच चोर म्हनून राहिले."

"डॉक्टरनंच सांगतलं ना, तुह्यात शक्ती नाई म्हून?" वामनराव म्हने. "मंग आमी काय खोटं बोलतो?"

"तसं नाई सांगतलं. आंगातला पहारा थांबत नसन, म्हून सारं आंग थकते, असं सांगतलं. तो पहारा लाडू खाऊन थांबत नाई आन घाम गाळून बी थांबत नाई."

"पक्कं हाये का हे?"

"नाई," ती म्हने. "मॅडम सोताच म्हनल्या, पक्कं नाई, शोधून राहिले. पन वामनमामाजी, तुमचं कोनतं पक्कं हाये? मी ढोंगी हाये, हे तुमी कोनत्या मशिनीत पाह्यलं?"

वामनरावानं बहिनीकडं पाह्यलं. दुसऱ्याचा आधार धुंडताना मी त्यायले पहिल्यांदा पाह्यलं.

"मी पात सोडली," ती म्हने. आता मधामधात थांबून राहिली होती. "उद्या बी सोडीन. तव्यावरची भाकर सोडीन. पडाच्या आंधी उठून जाइन, गावाले जे म्हनाचं ते म्हनू द्या. पन घर सोडत नाई. पोट्टीले सोडत नाई. बरी होइन का नाई ते मले ठाव नाई. बरी झाली तरी इथीच राहीन, नाई झाली तरी इथीच राहीन. दादा, तू च्या पे, आन गाडी रिकामी ने."

 मनोजनं डोळे पुसले.

मंग तिनं मान वळवून योगेशकडं पाह्यलं. "तुमी सांगा. मामाच्या तोंडानं नोका, तुमच्या मायच्या तोंडानं नोका. तुमी."

योगेश सतरंजीचा दोरा उसवत बसला. मले त्याच्या कानाखाली द्यावं वाटलं. ती वाट पाहून राहिली. पन तिचा दम सरला होता, ओठ पांढरे पडले. "झालं माह्यं," एवढंच पुटपुटली, आन पदर डोळ्यावर ओढून घेतला.

वामनरावाले तेवढंच पाह्यजे होतं. ती गप झाली तसा त्यायचा आवाज चढला. "हे असं घरात चालन का? पार्बता, तुहा लेक काई बोलते का..."

"मामा, हळू बोला," योगेश म्हनला.

"काय?"

"हळू बोला. तिले आवाज सहन होत नाई." तो उठला, खिडकी लोटून घेतली, उजेड बंद केला. मंग मामापाशी येऊन उभा राह्यला. "उठा. बाहेर चला."

"मले बाहेर काढतं? बहिनीच्या घरातून?"

"हे तिचं घर हाये मामा. तिले निजू द्या." आन त्यानं वामनराव उठल्याबरोबर खुर्ची उचलली आन आंगनात नेऊन ठेवली. वामनरावाले खुर्चीच्या मांगं जा लागलं. पार्बताबाई दारातून बाजूले सरली. तिनं भावाले थांब म्हनलं नाई आन लेकाले बी काई म्हनलं नाई. माहा विश्वासच बसला नाई.

मनोजची गाडी रिकामीच गेली. वामनराव त्या दिवसापासून आमच्याकडं आले नाईत, ते बी बरंच झालं.

आता लोकं बाजारात मले इचारतात, काका, सून बरी झाली का? मी म्हनतो, नाई. कवा चांगली असते, कवा खाटेवरून उठत नाई. मॅडमले बी सांगता येत नाई. मंग ते तोंड बारीक करून म्हनतात, तरी बी ठेवली तुमी घरात? तवा माही सटकते. मी म्हनतो, ठेवली नाई रे भाड्या, राह्यली. आन तुह्या घरात फक्त बऱ्या मानसालेच जागा असन, तर तू कवा म्हातारा होऊन राहिला ते मले सांग. तवा तुले बी घरचे धाडतीन ना? मी तुले पाहाले येतो, तुह्या माहेरी.